मुंबई बंदरातली बोटीची फेरी आणि फोटोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटवेवरून सुटणारी अर्ध्या-पाऊण तासाची बंदरफेरी, घारापुरीची (एलिफंटाची) लाँच, अलिबागजवळच्या मांडव्याची बोट आणि भाऊच्या धक्क्यावरून निघणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट. या चारही प्रवासांत फोटो काढणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मोबाइलवाल्यांनाही उपयोगी पडतील, कॅमेरेवाल्यांनाही. भाडं आणि वेळापत्रक सारखं बदलत असतं, ते तिकीटखिडकीवरच विचारून घ्यावं.

फोटोसाठी सकाळची फेरी बरी की संध्याकाळची?

गेटवे आणि ताजचा फोटो हवा असेल तर सकाळची.

मुंबईत समुद्र म्हटलं की आपल्याला पश्चिम आठवते. मरीन ड्राइव्ह, दादर, जुहू, आणि पाण्यात बुडणारा सूर्य. बंदर मात्र शहराच्या पूर्वेला आहे. शहर आणि उरण-मांडव्याचा किनारा यांच्यामधलं हे पाणी. त्यामुळे प्रकाशाचा हिशेब इथे उलटा होतो. सकाळी सूर्य उरणच्या बाजूने वर येतो, बोटीत तो तुमच्या पाठीशी असतो आणि समोर गेटवेचा पिवळसर बेसॉल्ट उजळून निघतो. कमानीवरचं कोरीवकाम, वरचे चार मनोरे, मागे ताजचा लाल घुमट, सगळ्यावर सरळ ऊन असतं. हीच चौकट संध्याकाळी पाहिलीत तर सूर्य इमारतींच्या मागे असतो आणि दगडाचा सगळा रंग काळवंडतो.

अडचण एवढीच की पर्यटकांच्या बोटी उजाडताच सुटत नाहीत. घारापुरीच्या लाँच साधारण नऊच्या सुमारास सुरू होतात, मांडव्याच्या पहिल्या बोटी त्याहून लवकर निघतात. म्हणून या कामाला हिवाळा उत्तम. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, त्यामुळे नऊ वाजताही ऊन तिरपं आणि मऊ असतं. मे महिन्यात सूर्योदय सहाच्या सुमाराला होतो आणि नऊपर्यंत सूर्य इतका चढतो की माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडायला लागतात.

मग संध्याकाळची फेरी घेऊच नये का?

जरूर घ्या, फक्त बघायची दिशा बदला. संध्याकाळी बोट भरते आणि सगळे जण शहराकडे तोंड करून मोबाइल वर धरतात. तुम्ही शहराकडे पाठ करा. मावळतीचं ऊन गेटवेच्या डोक्यावरून येऊन पूर्वेकडे नांगरलेल्या जहाजांवर पडत असतं. एरवी मळकट दिसणारा गंजका तांबडा टँकर त्या दहा-पंधरा मिनिटांत पेटल्यासारखा दिसतो. दूरवर घारापुरीचा डोंगर, त्याच्यापुढे एखादी होडी, आणि पाणी शिशासारखं. या बंदरातलं संध्याकाळचं सर्वात चांगलं चित्र हेच आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही याचं वाईट वाटतं.

शहराच्या बाजूला छायाकृती छान मिळते. त्यासाठी मोबाइलच्या पडद्यावर आकाशाच्या जागी बोट टेकवून उजेड तिथला मोजायचा, म्हणजे गेटवे आणि ताज काळे, रेखीव उमटतात. सूर्य इमारतींआड जातो, त्यामुळे तो घड्याळातल्या सूर्यास्ताच्या बराच आधी दिसेनासा होतो. क्षितिजाला टेकलेला गोळा इथून मिळणार नाही, त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरच जायला हवं.

पौर्णिमेचा चंद्र बंदरावर उगवतो, हे खरं का?

हो, पूर्वेला तोंड असल्याचा हा मोठा फायदा. पौर्णिमेला चंद्र जवळजवळ सूर्यास्ताच्याच वेळी उरणच्या बाजूने वर येतो. फोटोला मात्र चतुर्दशीची संध्याकाळ जास्त चांगली. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो, आकाशात निळा उजेड शिल्लक असतो, त्यामुळे जहाजंही दिसतात आणि चंद्रही पांढरा ठिपका न होता चंद्र म्हणून दिसतो. त्या वेळी फेरी नसेल तर गेटवेच्या कठड्यापाशी उभं राहूनही हा फोटो घेता येतो.

कोणता महिना चांगला?

पाऊस ओसरल्यावरचे पहिले काही आठवडे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धात हवा धुतलेली असते, पलीकडचे डोंगर ठळक दिसतात, आणि उरलेसुरले ढग आकाशाला आकार देतात. उकाडा सहन करावा लागतो, पण दूरची दृश्यं हवी असतील तर याला पर्याय नाही. डिसेंबर-जानेवारीत ऊन गोड असतं, पण धुरकं फार. घारापुरीसुद्धा करडी पुसट रेघ वाटते अशा सकाळी येतात. अशा दिवशी दूरच्या गोष्टींच्या नादी लागू नये, जवळच्या होड्या, पक्षी, माणसं टिपावीत. धुरकं त्यांच्यामागे साधा, स्वच्छ पडदा धरतं. फेब्रुवारी दोन्हींच्या मधला, आणि पक्षीही असतात.

जून ते ऑगस्ट गेटवेवरच्या छोट्या फेऱ्या आणि मांडव्याच्या बोटी बंद असतात, घारापुरीचं हवामानावर ठरतं. मोठी रो-रो बोट पावसाळ्यातही बऱ्याचदा चालते, आणि काळ्या ढगांखालचं बंदर बघायचं असेल तर तोच मार्ग.

भरती-ओहोटीने फोटोत काय फरक पडतो?

पुष्कळ पडतो, आणि बाहेरून येणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. उधाणाच्या भरतीला मुंबईत पाण्याची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. ओहोटीला तेच पाणी एवढं खाली उतरतं की बोट धक्क्याच्या कितीतरी खाली तरंगत असते, पायऱ्यांवरचं हिरवं शेवाळ उघडं पडतं आणि गेटवे काळ्या दगडी जोत्यावर उंच चढवल्यासारखा दिसतो. भरतीला पाणी भिंतीला भिडतं आणि इमारती पाण्यातूनच वर आल्यासारख्या वाटतात. मला भरतीचं दृश्य अधिक भावतं.

वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, मुंबईत प्रत्यक्षात ती बाराच्या आसपास जाते, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ओहोटी. हा अंदाज आहे, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी. पण फेरीचा दिवस ठरवायला एवढं पुरतं: सकाळच्या उन्हात पाणी चढलेलं हवं असेल तर अष्टमीच्या आगेमागे जा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी उधाणाइतकं चढत नाही, पण ओढ कमी असल्याने बोटही शांत चालते.

वाऱ्याचंही ध्यानात ठेवा. हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीवरून मतलई वारा मंद वाहतो आणि पाणी सपाट असतं. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, लाटा उठतात, बोट हलते आणि काचेवर तुषार येतात.

छोटी बंदरफेरी, घारापुरी, मांडवा की रो-रो? फोटोसाठी कोणती निवडू?

वेळ कमी असेल आणि गेटवे-ताज एवढंच हवं असेल तर छोटी फेरी पुरे. ती नांगरलेल्या जहाजांच्या दिशेने थोडं बाहेर जाते आणि वळून येते. परतताना गेटवे हळूहळू मोठा होत समोर येतो. तोच खरा मोका, त्यासाठी आधीच पुढे जाऊन उभे राहा.

घारापुरीचा प्रवास तासाभराचा. कामाचं बंदर यातच नीट दिसतं: तेलाची जहाजं, बार्ज, टग, मच्छीमारांच्या होड्या, पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेनच्या रांगा आणि उत्तरेला अटल सेतूची लांबच लांब रेघ. हा सेतू 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाला. त्याची लांबी 21.8 किलोमीटर असून त्यातले सुमारे 16.5 किलोमीटर समुद्रावर आहेत. एका चौकटीत तो मावत नाही. पुढे एखादी होडी किंवा बार्ज घेतला तरच त्याचा आवाका कळतो.

मांडव्याच्या वाटेवर उजव्या हाताला कुलाब्याचा किनारा आणि त्याच्या दक्षिण टोकाचा, 1875 सालचा प्राँग्ज दीपगृहाचा मनोरा दिसतो.

रो-रो भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाते, 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाली. बोट मोठी, डेक उंच, हलणं कमी. उंचीमुळे शहराची पूर्वेकडची बाजू एका नजरेत येते. मात्र पाणी जवळून हवं असेल तर लाकडी लाँचच. तिच्यात बसलेल्याला लाट डोळ्यांच्या उंचीवर दिसते, रो-रोवरून ती खाली राहते.

बोटीत कुठे बसावं?

वरच्या डेकवर. त्याचे थोडे जास्त पैसे बोटीतच द्यावे लागतात, ते खुशाल द्या. खाली छत, खांब आणि डोकी मध्ये येतात. वर नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची जागा मिळाली तर येताना गेटवे समोर मिळतो, जाताना मात्र मागची बाजू धरा, कारण गेटवे मागे सुटत जात असतो. मागे डिझेलचा धूर येतो. वारा कुठून आहे ते पाहून धुराच्या विरुद्ध कडेला बसा, नाहीतर चांगल्या फोटोंवरही धुराचा थर दिसतो.

चढण्याआधी एक गोष्ट बघण्यासारखी असते. गर्दीच्या दिवशी धक्क्याला लाँच एकीला एक लागून उभ्या असतात, मध्ये जुने टायर. खलाशी ओला दोर हातात घेऊन एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर उडी टाकतो, दोराचा फास खुंटावर बसवतो आणि बोट कण्हत कण्हत जवळ येते. हे सगळं तीन-चार सेकंदांत होतं. रांगेत उभे असतानाच मोबाइल तयार ठेवा. मात्र बोटीत पाऊल टाकताना मोबाइल खिशात आणि दोन्ही हात मोकळे. याला अपवाद नाही.

कशाचे फोटो काढायला मनाई आहे?

हे नीट वाचा. मुंबई बंदर हे नौदलाचं मोठं ठाणं आहे. गेटवेवरून निघाल्यावर उत्तरेकडे, म्हणजे घारापुरीला जाताना डाव्या हाताला, नौदलाची गोदी लागते. तिथल्या युद्धनौका, पाणबुड्या, धक्के आणि इमारती यांचे फोटो किंवा चित्रीकरण करायला परवानगी नाही. शासकीय गुपिते अधिनियम, 1923 या कायद्यानुसार अशी ठिकाणं निषिद्ध मानली जातात. हीच गोष्ट नौदलाच्या ताब्यातल्या मिडल ग्राउंड आणि ऑयस्टर रॉक या बेटांची. तेलाच्या टाक्या असलेलं जवाहर द्वीप, ज्याला जुने लोक बुचर आयलंड म्हणतात, तिथेही कॅमेरा रोखू नये. घारापुरीच्या बाजूने तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) किनाऱ्यावरचा अणुसंशोधन केंद्राचा घुमट दिसतो, त्यावर झूम लावणंही टाळा.

काही जणांना हे अतिरेकी वाटतं. पण 26 नोव्हेंबर 2008 रोजीचे हल्लेखोर याच समुद्रातून रबरी बोटीने कुलाब्यात उतरले होते. त्यानंतरचा बंदोबस्त या शहराने भोगलेल्यातून आलेला आहे. सारंग, म्हणजे बोट चालवणारा, किंवा खलाशी ‘कॅमेरा खाली घ्या’ म्हणाला तर वाद न घालता खाली घ्यावा. त्याचा परवाना आणि पोट त्यावर आहे.

गेटवेच्या फोटोत मागे चुकून युद्धनौका आली तर?

फोटो काढून टाका, तो कोणाला पाठवू नका. सरळ उपाय म्हणजे गोदीची बाजू दिसत असेपर्यंत कॅमेरा दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे वळवून ठेवणं. तेवढ्या वेळात त्या बाजूलाही बघण्यासारखं खूप असतं. पोलिसांनी किंवा तटरक्षक दलाच्या माणसांनी विचारलं तर फोटो दाखवावेत, लपवालपवी करू नये.

नौदल सप्ताहाची गोष्ट वेगळी. 4 डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास बंदरात जहाजांवर रोषणाई करतात आणि गेटवेपाशी सोहळा होतो. त्या वेळी लोकांसाठी जे खुलं ठेवलेलं असतं, त्याचे फोटो घेता येतात. गेटवेचं उद्घाटनही 4 डिसेंबरचंच, 1924 सालचं.

ड्रोन उडवता येईल का?

नाही. नौदलाच्या ठाण्यामुळे हा भाग ड्रोनसाठी बंद आहे, शिवाय मुंबई पोलिसांचे मनाई आदेशही वरचेवर निघत असतात. लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी कोणी ‘आम्ही जमवतो’ म्हणालं तरी ऐकू नका. पकडले गेल्यावर तुमचंही नाव त्यात येतं.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. चांगले फोटो येतील का?

येतील. बंदरात उजेड भरपूर असतो, आणि भरपूर उजेडात आजचा कोणताही बरा मोबाइल उत्तम काम करतो. तीन-चार सवयी लावून घ्या.

लेन्स पुसा. समुद्रावर ती दर दहा मिनिटांनी खारट होते आणि मग दिव्यांभोवती, पाण्याच्या चकाकीभोवती धुरकट वलयं येतात. ‘माझा कॅमेरा खराब झालाय का’ असं विचारणाऱ्या बहुतेकांचा मोबाइल ठणठणीत असतो, काच तेवढी मळलेली असते.

सेटिंगमधून चौकटीच्या रेघा सुरू करा. बोट हलते, त्यामुळे क्षितिज कायम कललेलं येतं. ते नंतर सरळ करता येतं खरं, पण सरळ करताना कडा कापल्या जातात आणि नेमका मनोऱ्याचा शेंडा जातो. म्हणून चौकटीत चहूबाजूंनी थोडी मोकळी जागा सोडूनच काढा.

पाण्याची चमक मोबाइलला फसवते. पाणी उजळ दिसलं की तो माणसांचे चेहरे काळे करतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड तिथला घेऊ द्या. वाइड लेन्सने गेटवे काढू नका, तो पाण्यात तरंगणाऱ्या काडेपेटीएवढा होतो. दोन पट, तीन पट झूमची खरी लेन्स असेल तर ती वापरा, त्यापुढचं बोटांनी ताणलेलं झूम चित्र विस्कटतं.

आणि दोरी. मनगटात अडकवायची साधी दोरी बाजारात सहज मिळते. बंदरात पडलेला मोबाइल परत येत नाही.

कॅमेऱ्याला कोणती लेन्स लावू?

24-105 किंवा 18-135 मिमीसारखी एकच झूम लेन्स लावून जा आणि बोटीत ती बदलू नका. खारा वारा आणि पाण्याचे कण आतल्या सेन्सरला चांगले नाहीत.

थोडा हिशेब सांगतो. गेटवे 26 मीटर उंच आहे. तुम्ही 300 मीटरवर असाल तर फुल-फ्रेम (36×24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्सच्या आडव्या चौकटीत 144 मीटर उंची बसते, म्हणजे गेटवे चौकटीचा पाचवा हिस्साही व्यापत नाही. 200 मिमीला तीच चौकट 36 मीटरची होते आणि गेटवे छान भरून येतो. ताज आणि गेटवे दोन्ही हवे असतील तर 70 ते 100 मिमी. पक्ष्यांसाठी मात्र उलट, ते इतके जवळ येतात की 70 मिमीसुद्धा कधी कधी जास्त होते.

फोटो हलतात. ट्रायपॉड चालेल का?

बोटीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, उलट इंजिनाची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात येते. याच कारणाने कठड्यावर किंवा खांबावर कॅमेरा टेकवू नये, कोपरही टेकवू नये. पाय थोडे फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभे राहा, कोपरं अंगाशी घ्या. शरीर थरथर शोषून घेतं. शटर सेकंदाच्या 500 व्या भागापेक्षा संथ होऊ देऊ नका, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोडा. संध्याकाळी चित्रात थोडा रवाळपणा आला तरी चालतो, हललेलं चित्र नंतर कशानेही सुधारत नाही. सारंगाने वळण घ्यायला वेग कमी केला की थरथर अचानक थांबते, तो क्षण साधा.

लांब एक्स्पोजरचे, पाणी धुक्यासारखं दिसणारे फोटो बोटीतून होत नाहीत. ते किनाऱ्यावरून करायचे, तेही सुरक्षारक्षकांना विचारून. गेटवेच्या आवारात ट्रायपॉड उघडला की हरकत घेतली जाते.

बोटीमागे येणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांचे फोटो कसे घ्यावेत?

ते कुरव. नोव्हेंबर ते मार्च इथे असतात, तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे अशा दोन जाती प्रामुख्याने दिसतात. नाव ऐकून डोकं शोधायला गेलात तर सापडणार नाही. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. फेब्रुवारी सरता सरता रंग भरू लागतो आणि मार्चमध्ये गडद टोपी घातल्यासारखं डोकं होतं. मग ते उत्तरेला, लडाख-तिबेट आणि मध्य आशियाच्या सरोवरांकडे, घरट्यांसाठी निघून जातात. मार्चमधला, पूर्ण रंगात आलेला कुरव टिपायला मिळाला तर ती फेरी सार्थकी लागली म्हणायची.

सेकंदाच्या 1600 व्या भागाचं किंवा त्याहून वेगवान शटर, सलग फोटो आणि सतत फोकस. सूर्य पाठीशी ठेवण्यापेक्षा थोडा बाजूला ठेवा. ऊन पंखांतून आरपार गेलं की पिसांच्या कडा उजळतात आणि पंखाच्या टोकाच्या काळ्यातले पांढरे ठिपकेही दिसतात. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून तरंगतो, त्या क्षणी तो जवळजवळ स्थिर असतो. वारा कुठून येतो ते कळलं की पक्षी कुठे थांबेल तेही कळतं.

आता गाठियाचं. बोटीवर पाकिटं विकतात, लोक उधळतात, पक्षी झुंबड करतात आणि फोटो मिळतो. कृपा करून हे करू नका. मासे आणि कीटक खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं, खारट बेसन घालणं चुकीचं आहे, आणि रिकामी पाकिटं बंदरातच जातात. खायला न घालताही कुरव बोटीमागे येतात, कारण पंख्याने ढवळलेल्या पाण्यात त्यांना मासे मिळतात. मासा उचलणारा कुरव हा शेव झेलणाऱ्या कुरवापेक्षा कितीतरी देखणा फोटो आहे.

या फेरीत फ्लेमिंगो दिसतील का?

गेटवेच्या फेरीत नाही. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, शिवडीच्या चिखलात आणि वर ठाण्याच्या खाडीत असतात. खाडीचा तो भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. त्यासाठी ऐरोलीच्या वनखात्याच्या केंद्रातून किंवा भांडुपहून निघणाऱ्या बोटी वेगळ्या आहेत. त्या भरती-ओहोटी बघूनच सुटतात.

खाऱ्या हवेने कॅमेरा बिघडेल का?

काळजी घेतली तर नाही. काचेवर तुषार वाळले की मिठाचे बारीक कण राहतात, आणि त्यावर शर्टाचं टोक फिरवलं की ओरखडे पडतात. आधी फुंकणीने कण उडवा, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपून घ्या, शेवटी कोरडं कापड. घरी आल्यावर कॅमेऱ्याचं अंग आणि पट्टा ओलसर कापडाने पुसा. पट्ट्यात राहिलेलं मीठ सगळ्यात उशिरा लक्षात येतं. बोटीत कॅमेरा पिशवीत कोंडून ठेवण्यापेक्षा गळ्यात, छातीशी ठेवलेला बरा.

खलाशी, कोळी, सहप्रवासी यांचे फोटो विचारून काढायचे का?

हो. ‘दादा, एक फोटो घेऊ का?’ एवढं विचारलं तर बहुतेक खलाशी मान डोलावतात, काही जण हसून केस सारखे करतात. त्यांना दोन मिनिटं तसंच राहू द्या, ते पुन्हा कामाला लागले की खरा फोटो मिळतो. बायकांचे आणि लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय नकोतच.

भाऊच्या धक्क्यावर रो-रोसाठी जाताना मासळीची लगबग दिसते. मावशी हिशेबात, लिलावात गुंतलेल्या असतात, तिथे मध्ये उभं राहून वाट अडवू नये. ससून डॉकमध्ये तर फोटोला मनाईच आहे, लोक चोरून काढतात ते योग्य नाही.

गेटवेवर गळ्यात कॅमेरा आणि हातात फोटोंचा अल्बम घेऊन उभे असलेले फोटोग्राफर तुम्ही पाहिले असतील. जागेवरच छापून फोटो देतात. मोबाइल आल्यापासून त्यांचं काम फार घटलं. कोणत्या कोपऱ्यातून कमान आणि ताज एकत्र येतात, किती वाजता कुठे ऊन असतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. कुटुंबाचा एक छापील फोटो त्यांच्याकडून जरूर काढून घ्या. आईवडिलांना तो मोबाइलमधल्या शंभर फोटोंपेक्षा जास्त आवडतो.

प्री-वेडिंग किंवा व्यावसायिक शूट करायचं आहे.

साध्या तिकिटावर ते करता येत नाही. रिफ्लेक्टर, दिवे, कपडे बदलायची सोय असं काही असेल तर बंदर प्राधिकरण आणि पोलिसांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. बोटमालकाने तोंडी ‘चालेल’ म्हटलेलं पुरेसं नसतं.

लाइफ जॅकेट घातलं तर फोटो वाईट येतात. काढून ठेवू का?

नाही, अजिबात नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि 15 जणांचे जीव गेले. तो दुपारचा नेहमीचा प्रवास होता, समुद्र शांत होता. जॅकेट चढताक्षणी घाला, बंद नीट बांधा, आणि उतरेपर्यंत ठेवा. जॅकेट फाटकं असेल किंवा सगळ्यांना पुरत नसतील तर खलाशाला स्पष्ट सांगा. तुमचा नारिंगी जॅकेटमधला फोटो हा बोटीवरचा खरा फोटो आहे.

कठड्यावर बसू नका, नाळेवर दोन्ही हात पसरून उभे राहू नका, आणि सगळे एकाच कडेला धावू नका. कुरव आले किंवा गेटवे दिसला की पन्नास माणसं एका बाजूला जातात आणि लाँच कलते. सारंग ओरडतो तो उगीच नाही.

मला बोट लागते. फोटो काढणं जमेल का?

जमेल, पण पडद्यात डोकं घालून बसू नका. दोन फोटो, मग क्षितिजाकडे नजर. काढलेले फोटो बोटीत बघत बसणं, खोडणं, पाठवणं यानेच बहुतेकांना मळमळतं. ते धक्क्यावर उतरल्यावर करा. बोटीच्या मधोमध, धुरापासून दूर बसा.

घारापुरीला उतरल्यावर काय टिपावं?

सोमवारी लेणी बंद असतात, आधी तेवढं बघा. लेण्यांत फ्लॅश वापरू नका, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मुख्य लेण्याचं तोंड उत्तरेला आहे, त्यामुळे त्रिमूर्तीपर्यंत पोहोचणारा उजेड थेट नसून पसरट, मऊ असतो. मूर्तीच्या अगदी समोरून न काढता दोन-तीन पावलं बाजूला सरका, म्हणजे चेहऱ्यांची खोली कळते. कॅमेरा खांबाला टेकवायचा मोह होतो, तो आवरा. शेकडो वर्षांचा दगड आहे.

बोटी लागतात त्या लांब धक्क्यावरून ओहोटीच्या वेळी चिखल आणि खारफुटी दिसते. त्यात बगळे हमखास असतात. परतीची लाँच शेवटची धरू नका. तिच्यात एवढी गर्दी असते की उभं राहायला जागा मिळाली तरी खूप. तिच्या आधीची घ्या, म्हणजे वरच्या डेकवर बसायला मिळेल आणि परतताना उतरतं ऊन मागे राहणाऱ्या जहाजांवर असेल.